रुखवतातला वाडा खाता आला पाहिजे की नाही? (आणि हलव्याला काटे का येत नाहीयेत)

साखरझोप
१२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

भाचीचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात, आणि रुखवताचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय म्हणजे खरं तर मीच ओढून घेतलंय. बहीण आपली सरळ म्हणाली की तयार सेट भाड्याने मिळतो तो आणू. हो, मिळतो! विहीर, बैलगाडी, तुळशीवृंदावन, सप्तपदी, सगळं थर्मोकोल, सॅटिन आणि कुंदन, लग्न झालं की खोक्यात भरून परत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नवरीची आई 'आमच्या मुलीने स्वतः केलंय हं' म्हणायला मोकळी. तर माझं डोकं फिरलं आणि मी बोलून बसले की मी करते आणि सगळं खाण्याचं करते.

आमच्या मावशीचं लग्न १९८७ चं, सांगलीचं. आजोळच्या माजघरात आठ दिवस आळीतल्या बायका दुपारची जेवणं उरकून जमायच्या. चकलीच्या चाकांची बैलगाडी, लाडवांची उतरंड (खाली डिंकाचे मोठे, वर बेसनाचे, मग रव्याचे, टोकाला एक खसखशीचा एवढुस्सा), कडबोळ्यांचं तोरण, बेसनवडीची कापलेली सप्तपदीची पावलं, आणि मधोमध शंकरपाळ्यांचा वाडा, त्याला चिरोट्याचं छप्पर. मी सात वर्षांची होते, मांडव उतरायच्या आत बैलगाडीचं एक चाक माझ्या पोटात गेलं होतं आणि कोणी काही बोललं नाही. कारण ते त्यासाठीच होतं ना! रुखवत म्हणजे मुळात जानवशावर मुलाकडच्या मंडळींना धाडायचा फराळच, तो नुसता डब्यात भरून कसा द्यायचा म्हणून बायकांनी त्याची चाकं नि छपरं केली.

गेल्या वर्षी एका लग्नात मात्र डाळी-तांदळाचा गणपती बघितला, दिसायला देखणा, डिंकाने चिकटवलेला आणि वर वॉर्निश. एका पोराने कान मोडून तोंडात घातला आणि मग जी पळापळ झाली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की खाण्याची मूर्ती खाता येत नसेल तर ती मूर्ती पण नाही आणि खाणं पण नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, वाडा उभा कसा करायचा? काल ट्रायल घेतली, चार इंच भिंत चढली आणि भुगा झाला, जणू वाळूच. दोन, लग्न झालं की महिन्याभरात तिची पहिली संक्रांत, तर हलव्याचे दागिनेही घरीच करायचे आहेत. कालपासून परात घेऊन बसलेय, हलव्याला काटे यायचं नाव नाही, नुसते गुळगुळीत पिवळट गोळे होतायत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटजाळ
१२ ऑक्टोबर, रात्री ११:५२

पहिला नंबर माझा :)
ताई सॅटिनचंच बरं हो. खाण्याचं केलं की वऱ्हाडाच्या आधी मुंग्या पोचतात.

नर्मदेचा_गोटा
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

धागा आवडला पण 'खाता आलंच पाहिजे' याला माझा विरोध आहे, म्हणजे तात्त्विक विरोध. युरोपात राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांमध्ये साखरेचे किल्ले, पुतळे, बागा मांडायची जुनी चाल आहे, साखर तेव्हा चैनीची आणि महाग, त्यामुळे 'बघा माझ्याकडे किती आहे' हा हिशोब. पुढे फ्रान्समध्ये मारी-आंत्वान कारेम नावाचा आचारी झाला, १८३३ साली वारला. गरिबाघरचा पोर, बापाने लहानपणीच रस्त्यावर सोडलेला. मिठाईवाल्याकडे कामाला लागला आणि सवड मिळाली की पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन जुन्या इमारतींची चित्रं बघत बसायचा, मग तीच देवळं, पडके बुरूज, कारंजी साखर आणि बदामाच्या लगद्यात उभी करायचा. तो तर मिठाईकामाला वास्तुकलेचीच शाखा मानायचा. आता त्याचं देऊळ कोणी चमच्याने खात बसत नव्हतं, टेबलाच्या मधोमध मिरवायचं एवढंच त्याचं काम. मग ती कला नाही का?

देसमॉइनकर
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

गोटाकाकांना +१. आमच्याकडे अमेरिकेत आयोवात दर ऑगस्टमध्ये स्टेट फेअर म्हणजे आपली मोठी जत्राच भरते, तिथे १९११ पासून लोण्याची गाय करतात. खरोखरीच्या गाईएवढी, सहाशे पौंड लोणी म्हणजे आपले पावणेतीनशे किलो धरा. काचेच्या थंड खोलीत ठेवतात, आतलं तापमान चारेक अंश, आणि लोक रांगा लावून बघतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं हे काय खूळ, म्हैस असती तर एक वेळ समजलो असतो :) पण जवळून बघितलं तर मानेवरच्या वळ्या, कासेवरच्या शिरा, सगळं. आत लाकूड, लोखंड आणि जाळीचा सांगाडा असतो, त्यावर लोणी थापत जातात, आपल्याकडे गणपतीची माती थापतात तसंच.

नॉर्मा लायन नावाच्या बाई होत्या, सगळे डफी म्हणायचे, त्यांनी १९६० पासून २००६ पर्यंत ही गाय केली. स्वतः दुग्धव्यवसायातल्या, त्यामुळे गाय आतून बाहेरून माहिती. १९९९ साली त्यांनी येशूचं शेवटचं भोजन अख्खं लोण्यात केलं होतं. आता त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या सारा प्रॅट करतात.

आणि साखरझोपताई बसा आधी, ते लोणी जत्रा झाली की उतरवून साठवतात आणि पुढच्या वर्षी परत वापरतात. दहा दहा वर्षं तेच लोणी.

साखरझोप
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

दहा वर्षं!! ई. म्हणजे ते लोणी नाहीच राहिलं, ती शाडू झाली की. माझाच मुद्दा सिद्ध केलात तुम्ही.

@गोटाकाका, कला नाही असं कुठे म्हटलं मी, पण मग ती साखरेचीच का, प्लॅस्टरची का नाही? बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणूनच ना?

शंकासुर
१३ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

देशात लोकांना दोन वेळचं मिळत नाही आणि इथे लोण्याच्या गाई आणि शंकरपाळ्यांचे वाडे. अन्न हे पूर्णब्रह्म वगैरे फक्त ताटावर बसल्यावर म्हणायचं का? स्पष्ट बोलतो, राग नसावा.

तिखटजाळ
१३ ऑक्टोबर, सकाळी १०:४१

आले आले, मी वाटच बघत होतो :D

साखरझोप
१३ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

शंकासुर, राग नाही, पण धागा नीट वाचा ना. मी तेच तर म्हणतेय की खायचं. वाया कसं जाईल मग?

आडाणी_बल्लव
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

मी हॉटेलमध्ये किचनला आहे, आता ब्रेकमध्ये टाइपतोय त्यामुळे शुद्धलेखन माफ.

पहिलं म्हणजे तुमचा वाडा का पडला. मोहन किती घातलंत? खायच्या शंकरपाळ्यात आपण तूप सढळ हाताने घालतो म्हणून ती खुसखुशीत होते, आणि खुसखुशीत म्हणजे काय तर जरा दाबलं की तुटणारी, ती भिंत कशी पेलणार. बांधकामाची शंकरपाळी वेगळी करायची, मोहन नावाला, पीठ घट्ट, पातळ लाटायची, एका मापात पट्टी लावून कापायची आणि तळायची नाही, ओव्हनमध्ये मंद भाजायची, कारण तळली की फुगते आणि एकही वीट दुसरीसारखी होत नाही. आधी सगळ्या विटा करून दोन दिवस डब्यात ठेवा, वाफ निघून गेली की मग बांधकाम.

दुसरं सिमेंट. परदेशात अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंग लावतात, तुमच्याकडे अंडं चालणार नाही असं धरतो. मग दोन रस्ते. एक म्हणजे साखर कोरडीच कढईत विरघळवून सोनेरी झाली की त्यात विटेची कड बुडवून लगेच चिकटवायची, दहा सेकंदात पक्की, पण हात सांभाळा, तो चटका तेलापेक्षा वाईट, त्वचेला चिकटून बसतो. आणि दमट हवेत हीच साखर पाणी धरून पाघळते, मुंबईत मी पावसाळ्यात शुगरवर्कचं नाव काढत नाही. तिथे आम्ही आयसोमाल्ट वापरतो, साखरेपासूनच करतात, लवकर पिवळं पडत नाही आणि हवेतलं पाणी कमी ओढतं. पुण्यात डिसेंबरात साधी साखर चालेल. दुसरा रस्ता म्हणजे पिठीसाखर, लिंबाचा रस आणि किंचित टायलोज पावडर, केकच्या सामानाच्या दुकानात मिळते, घट्ट मळून पायपिंग बॅगने भरा, एक रात्र लागते सुकायला पण सुकल्यावर दगड.

आणि शंकासुर साहेब, खरं सांगू का, बुफेत जे लोण्याचे हंस, घोडे बघता ना तुम्ही, ते बहुतेक वेळा लोणी नसतंच, पेस्ट्री मार्जरीन असतं, लोणी एसी बंद झाला की घोड्याचं गाढव होतं. तेच मार्जरीन आम्ही पण परत परत वापरतो. कलिंगडाचं मात्र तसं नाही, त्यात हिरवी साल, मग पांढरा थर, मग लाल असे तीन रंग आयते मिळतात आणि सगळी करामत किती खोल कापायचं यावरच असते. नवीन पोरगं आलं की आधी त्याला महिनाभर गाजर-मुळ्याची फुलं करायला बसवतो, बर्फाच्या पाण्यात टाकली की पाकळ्या आपोआप उमलतात, तेवढ्यानेच खूश होतं पोरगं. बीट सगळ्यात शेवटी, कारण ते रंग सोडून शेजारच्यांना पण नासवतं.

आजीची_पोतडी
१३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

साखरझोप, बाळा, ऑक्टोबरच्या उकाड्यात हलवा करायला कोणी सांगितलं तुला? काटा येणार कसा? हलवा थंडीचा, आणि थंडीतही पहाटेचा.

माझं वय आता ७४, आमच्याकडे साताऱ्याला सासूबाई करायच्या, त्यांच्याकडून मी शिकले. एकतारी पाक, त्यात चमचाभर दूध घालून उकळायचं, मळी वर येते ती काढून टाकायची, पाक पाण्यासारखा नितळ दिसला पाहिजे. शेगडीत निखारे, त्यावर राख पसरलेली, वर परात. आता मी गॅसवर तवा आणि तव्यावर परात ठेवते, गॅस अगदी बारीक, परातीला हात लावून ठेवता आला पाहिजे इतपतच गरम. परातीत तीळ किंवा साबुदाणा किंवा खसखस. अर्धा चमचा पाक घालायचा, अर्धाच, आणि पाची बोटं पसरून हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं, दाबायचं नाही, चोळायचं नाही. आधी ते ओलसर चिकट लागतं, मग सुकत आलं की खरखर आवाज यायला लागतो. तो आवाज आल्याशिवाय पुढचा अर्धा चमचा घालायचा नाही. तू घाई करत असणार, पाक जास्त पडला की तो दाण्याभोवती सगळीकडे सारखा पसरतो आणि गोटी होते. आणि पिवळा पडतोय म्हणजे आच मोठी आहे.

एका दिवसात होत नाही हे. रोज दोन तास बसायचं, उरलेला वेळ दाणे मलमलच्या फडक्याखाली. तिसऱ्या दिवशी काटा दिसायला लागतो, बोटांना टोचायला लागतो, आणि मग इतका आनंद होतो काय सांगू. बोटांची सालं जातात ती वेगळी. साबुदाण्याचा हलवा टपोरा होतो तो हारांना, खसखशीचा बारीक तो नथीला. लवंगेवर पण चढवतात, तो खायला फार सुरेख.

आता दागिन्यांचं. दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. म्हणून दोन पदरी दोरा घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि पुढे गाठ, परत दाणा परत गाठ. तन्मणी, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, सगळं असंच. जावयाला हार, नारळ आणि गुच्छ. हल्ली पुठ्ठ्यावर ग्लू गनने दाणे चिकटवून देतात. दिसतं छान, पण बोरन्हाणाच्या पोराने अंगावरचा एक दाणा काढून तोंडात टाकला तर गोंदासकट जातो. तुझा मुद्दा मला पटला हो.

आडाणी_बल्लव
१३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आजी, साष्टांग दंडवत! अशीच पद्धत फ्रान्समध्ये बदामावर साखर चढवायला वापरतात, पण ते मोठ्या फिरत्या भांड्यात आणि त्यांना गुळगुळीतच हवं असतं. आपल्याला मुद्दाम काटा हवा, म्हणून थेंब थेंब पाक आणि मंद आच. आणि हवेत आधीच पाणी भरलेलं असलं तर पाकातलं पाणी उडणार कुठे, म्हणून ऑक्टोबरात जमत नाही.

रिकामटेकडा_प्रवासी
१४ ऑक्टोबर, दुपारी १:१५

खाता येणं न येणं यावर एक बघितलेली गोष्ट टाकतो. मेक्सिकोत वाहाका नावाचं शहर आहे, तिथे २३ डिसेंबरला 'मुळ्यांची रात्र' असते, १८९७ पासून रीतसर स्पर्धा. त्याआधी नाताळच्या बाजारात भाजीवाले गिऱ्हाईक खेचायला मुळे कोरून मांडायचे, ते बघून तिथल्या महापौराने स्पर्धा लावली. मुळा मुळातला तिथला नाही, स्पॅनिश लोकांनी नेलेला. स्पर्धेचे मुळे वेगळे लावतात, काढायची वेळ झाली तरी जमिनीतच ठेवतात, मग ते वेडेवाकडे वाढतात, पाऊण हात लांब, तीन तीन किलोचे. बाहेरून लाल, आतून पांढरा, म्हणजे बल्लवदादांच्या कलिंगडासारखाच रंगांचा खेळ. त्यातून येशूजन्माचे देखावे, नाच, बाजार, संत, राक्षस, काय वाट्टेल ते.

पण खरी गंमत पुढे आहे. कोरलेला मुळा काही तासांतच माना टाकायला लागतो, कडा काळ्या पडतात. माझ्या समोर एक म्हाताऱ्या बाई हातात पाण्याची पिचकारी घेऊन उभ्या होत्या आणि आपल्या देखाव्यातल्या प्रत्येक बाहुलीवर दर दोन मिनिटांनी फवारा मारत होत्या, बाळाला झोपवावं तसं. लोकांची रांग चार चार तास. एका रात्रीत संपलं सगळं. ते मुळे खात नाहीत कोणी, मोठे व्हावेत म्हणून बरंच काय काय घातलेलं असतं त्यात. तरी पण मला ती कला खाण्याचीच वाटली बुवा, कारण ती भाजीसारखीच मरत होती.

साखरझोप
१४ ऑक्टोबर, दुपारी २:००

प्रवासीभाऊ, हे मात्र विचार करायला लावणारं आहे. पिचकारीवाल्या बाई डोक्यातून जात नाहीयेत.

मापशेकार
१४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

गोंयांत नाताळाच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, मार्झिपान असतं, आमच्या शेजारच्या आंटीकडून दरवर्षी ताट यायचं. मूळचं युरोपातलं बदामाचं, पण आमच्याकडे काजू, बदाम कोण परवडून घेणार आणि काजू तर अंगणात. काजूची पूड, साखर, अंड्याचं पांढरं आणि गुलाबपाणी, आटवून गोळा झाला की साच्यात दाबायचा. मासे, शिंपले, द्राक्षांचे घोस, पानं. मासा मी कायम शेवटी खायचो, आधी शेपूट मग डोकं, डोळ्याला लावलेला काळा ठिपका जिभेने आधी पुसून काढायचो. आमची आई म्हणायची हा एकच मासा जो सोमवारी चालतो. (अंड्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आता पण सांगू नका.)

तिखटजाळ
१४ ऑक्टोबर, रात्री ८:५८

सोमवारी चालणारा मासा =)) =)) वारलो

कोलकात्याची_सून
१५ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

हलव्याच्या दागिन्यांवरून आठवलं. आमच्या सासरी मेदिनीपूरकडे 'गोयना बोडी' करतात, गोयना म्हणजे दागिना आणि बोडी म्हणजे आपला सांडगा. उडदाची डाळ वाटून इतकी फेसायची की पाण्यात थेंब टाकला तर तरंगला पाहिजे, मग कापडाच्या पुरचुंडीला बारीक तोटी लावून ताटात पसरलेल्या खसखशीवर नक्षी काढायची, कानातले, हार, मोर, मुकुट. हे पण थंडीतलंच काम, कोवळ्या उन्हात वाळवायचं. पहिल्या वर्षी मी काढलेला मोर बघून सासूबाई फक्त 'हांस?' एवढंच म्हणाल्या, बदक का म्हणून. तळताना नक्षी मोडली तर जीव जातो अगदी. म्हणजे तिकडे दागिना तळून भाताबरोबर खातात आणि इकडे आपण अंगावर घालून मग खातो, बाया सगळीकडे सारख्याच!

कर्नाटकातल्या मैत्रिणीकडे संक्रांतीला साखरेचे साचे असतात, सक्करे अच्चू, त्यात देवळं, पक्षी. आपल्याकडच्या पाडव्याच्या गाठी आणि दिवाळीतले साखरेचे हत्तीघोडे त्यातलेच म्हणायचे.

शंकासुर
१५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

हे सगळं घरगुती आहे, खाल्लं जातं, त्याला माझा विरोध नाही. माझा रोख नुसत्या प्रदर्शनावर होता. पुण्यातल्या कोणी केकवाल्या बाईंनी १०० किलोचं चर्च केलं म्हणे, त्याचं काय?

आडाणी_बल्लव
१५ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

प्राची धबल देब. आणि चर्च म्हणजे मिलानचं कॅथेड्रल, रॉयल आयसिंगमधलं, तेही अंडं न घालता. शंभर किलो आयसिंग उभं करणं म्हणजे काय हे त्यातलं काम केलेल्यालाच कळेल, एकेक कमान आधी सुटी करून वाळवायची, त्यातल्या निम्म्या उचलतानाच तुटतात. अंड्याशिवाय तर आणखी नाजूक. मला विचाराल तर ते वाया गेलेलं अन्न नाही, ती साखर कलेच्या खात्यावर टाका. आपण रंगपंचमीला किती पाणी घालवतो.

नर्मदेचा_गोटा
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

शंकासुरांसाठी दोन उदाहरणं, दोन्ही देवाधर्माची म्हणजे चालतील त्यांना. तिबेटी मठांमध्ये लोण्याची फुलं, देवता, अख्खे कथाप्रसंग करतात, १४०९ साली त्सोंगखापा यांनी ल्हासाला मोठा प्रार्थनोत्सव सुरू केला तिथपासूनची परंपरा सांगतात. नववर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला मांडतात. भिक्षू बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून बुडवून काम करतात, कारण हात गरम झाला की लोणी वितळतं, बोटं सुजतात बिचाऱ्यांची. आणि इतकं करून उत्सव झाला की उतरवायचं. कर्नाटकात बैलकुप्पेला तिबेटी वसाहत आहे, तिथल्या मठात लोण्याची रंगीत फुलं मी स्वतः बघितली आहेत. कुठलंच काही टिकत नाही हे शिकवायलाच ते आहे.

दुसरं नाथद्वाराचं. दिवाळीनंतर अन्नकूटाला श्रीनाथजीपुढे भाताचा डोंगर रचतात आणि मग आसपासचे भिल्ल येऊन तो लुटून नेतात. चोरी नव्हे, हक्क आहे त्यांचा. आता यात प्रदर्शन किती आणि भूक किती, तुम्हीच ठरवा.

आजीची_पोतडी
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

बोरन्हाणाला पण लूटच म्हणतो की आपण.

देसमॉइनकर
१६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

अवांतर: जपानमध्ये बरोबर उलटा प्रकार आहे. १९३२ साली इवासाकी ताकिझो नावाच्या माणसाने मेणाचं ऑम्लेट केलं आणि त्यावर धंदा उभा राहिला, हॉटेलच्या काचेत ठेवायचे खोटे पदार्थ. म्हणजे आपण अन्नाची वस्तू करतो, ते वस्तूचं अन्न करतात.

तिखटजाळ
१६ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बहुतेक तेच वाढतात.

साखरझोप
२० डिसेंबर, रात्री १२:३५

धागा वर काढतेय. लग्न झालं! आता बसून सगळं सांगते, पाय दुखतायत पण झोप येत नाहीये.

वाडा बल्लवदादांच्या पद्धतीने केला. ४१० विटा, नवऱ्याने लाकडी पट्टी घेऊन कापून दिल्या, कधी नव्हे ते स्वयंपाकघरात चार संध्याकाळी बसला. पिठीसाखरेचं सिमेंट. पहिली भिंत वाकडी झाली, ती मागच्या बाजूला घेतली. चिरोट्याचं छप्पर मात्र मी हट्टाने खुसखुशीतच ठेवलं, तुपाचं, पदर सुटलेलं, कारण एवढं सगळं करून एक तरी गोष्ट चवीची हवी ना. वर तुळशीवृंदावन, त्याला बडीशेपेच्या गोळ्यांची कड. लाडवांची उतरंड आईने रचली, तिचा हात अजून थरथरत नाही.

आणि आता कबुली. बांधकामाची शंकरपाळी खाऊन बघितली, ती चाववत नाही. म्हणजे खाता येते, पण कशाला खाल असं वाटतं. दोन रात्री मला झोप नाही, एवढा मोठा धागा काढून भांडले आणि माझ्याच वाड्याच्या भिंती गोटाकाकांच्या कारेमच्या निघाल्या. बहिणीला म्हटलं तर ती म्हणाली, वॉर्निश तरी नाहीये ना, गप बस.

हॉलवर नेताना गाडीत डावा बुरूज निखळला. सिमेंटची पिशवी बरोबर ठेवली होती म्हणून वाचलं. सगळ्यांनी फोटो काढले, व्याह्यांकडच्या एक काकू हात लावून 'थर्मोकोल ना?' म्हणाल्या, मी एक चिरोटा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. मग काय, छप्पर वीस मिनिटांत साफ. नवऱ्यामुलाच्या पुतण्याने दिंडीदरवाजा पळवला. भिंती तशाच उभ्या, बिनछपराच्या, पानिपतानंतरच्या वाड्यासारख्या.

पण ऐका ना, दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या सासरहून फोन. मला वाटलं झालं, कोणाचा तरी दात तुटला. तर पाहुणे निघायच्या आधी चहाला बसले होते, कोणीतरी एक वीट सहज चहात बुडवली, आणि ती बेकरीतल्या बटरसारखी लागते म्हणे. दोन भिंती संपल्या चहाबरोबर. तिसऱ्या भिंतीसाठी तिच्या आजेसासऱ्यांनी दुसरा कप मागवला.

आडाणी_बल्लव
२० डिसेंबर, सकाळी १०:१०

जिंकलात ताई! पुढच्या वेळी पिठात थोडी वेलची आणि जायफळ घाला, चहाचा वाडा म्हणून मेन्यूवर ठेवतो.

शंकासुर
२० डिसेंबर, सकाळी ११:४५

अभिनंदन. वाया गेलं नाही हे वाचून बरं वाटलं. (चौथ्या भिंतीचं काय झालं?)

साखरझोप
२० डिसेंबर, दुपारी १२:२०

ती वाकडी होती ती. आमच्याकडेच राहिली, ओट्यावर आहे.

साखरझोप
९ जानेवारी, सकाळी ६:४०

आजी, आले काटे!! पहाटे साडेचारला उठून बसतेय, पाच दिवस झाले, साबुदाण्याचा हलवा आज टोचायला लागला. पांढराशुभ्र. खरखर आवाज येईपर्यंत थांबायचं हे वाचायला सोपं आहे हो, हात आपोआप चमच्याकडे जातो. काळ्या साडीवर तन्मणी, बाजूबंद आणि बिंदी एवढंच करणार, कंबरपट्ट्याला पुरेल इतका हलवा होत नाही.

एक अडचण आहे, बाजूबंदाला गाठ मारताना दाणा मधूनच सटकतो. काय करू?

आजीची_पोतडी
९ जानेवारी, सकाळी ७:३०

दोरा ओला करून घे, नुसता ओलसर, निथळलेला. ओल्या दोऱ्याची गाठ दाण्याच्या काट्यात बसते आणि वाळली की आवळते. आणि लवंगेचा केला आहेस का? थोडा माझ्यासाठी डबीत काढून ठेव, पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवते.